‘अहिल्यानगर’मध्ये अक्षरं किती?

पावसाळ्यातली दुपार होती. लॅबमधली लाइट गेली आणि यूपीएसवर तीनच यंत्रं तग धरून राहिली. तीस पोरं, तीन यंत्रं. पोरांना घरी सोडावं तर एसटी साडेचारची. मग मी फळ्यावर एकच शब्द लिहिला, ‘अहिल्यानगर’, आणि तीन गट पाडले. एका गटाने सीमध्ये प्रोग्राम लिहायचा, दुसऱ्याने पायथनमध्ये, तिसऱ्याने जावामध्ये. प्रश्न पहिल्या वर्षाचा, सगळ्यांना झोपेतही येणारा: दिलेल्या शब्दाची लांबी किती?

सीवाल्यांचं उत्तर आलं ३०. पायथनवाल्यांचं १०. जावावाल्यांचंही १०.

सीच्या गटातल्या पोरी चिडल्या. “मॅडम, आमचा प्रोग्राम बरोबर आहे. इंग्रजीत ‘इंडिया’ टाकलं की पाचच येतात, बघा.” पायथनवाले खुशीत होते, कारण त्यांच्या बाजूने जावा होती, दोन विरुद्ध एक. तेवढ्यात आमचे शिपाई मामा बॅटरी बघायला आत आले. गोंधळ पाहून त्यांनी फळ्याकडे बघितलं, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला, ओठातल्या ओठात ‘अ-हि-ल्या-न-ग-र’ म्हटलं आणि सांगितलं, “सहा. यात तीस कुठं दिसली पोरांना?”

मामा गावाकडच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं आणि चौथ्यात चार, हा हिशेब त्यांच्या बोटांत बसलेला आहे. “एक चरण झाला की हा,” असं म्हणून ते बॅटरीचं पाणी तपासायला गेले.

मी प्रवरेच्या काठी, तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात बावीस वर्षं कॉम्प्युटर शिकवते. त्या दुपारी लॅबमध्ये एका शब्दाची तीन उत्तरं उभी होती आणि तिन्ही बरोबर होती. चुकलेली होते ती मी. ‘लांबी किती?’ असं विचारलं, ‘कशात?’ ते सांगितलंच नाही. आणि गंमत अशी की तिसांपैकी एकानेही ते उलट विचारलं नाही. प्रोग्रॅमिंगच्या शिक्षणात आपण नेमकं काय हरवून बसलो आहोत, ते मला त्या दिवशी दिसलं.

आमच्या भागात हे समजावून सांगणं सोपं आहे. ऊस किती झाला, असं विचारा. शेतकरी एकर सांगेल, तोडणीवाली बाई मोळ्या सांगेल, गाडीवान खेपा सांगेल आणि कारखान्याच्या काट्यावरचा माणूस टन सांगेल. यातलं कुणी खोटं बोलत नाही. पण पैसे टनावर मिळतात, म्हणून बिल करताना मोळ्या मोजून चालत नाही. आणि तोडणीला किती माणसं लागतील हे ठरवताना टनाचा आकडा पुरत नाही. काम कोणतं त्यावर माप ठरतं.

सी भाषेने मोजले ते बाइट. बाइट म्हणजे कॉम्प्युटरच्या स्मृतीतला एक कप्पा. आज बहुतेक ठिकाणी मजकूर यूटीएफ-८ या पद्धतीने साठवला जातो. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोघांनी १९९२ मध्ये ती आखली. तीत इंग्रजी अक्षराला एक कप्पा लागतो, देवनागरी चिन्हाला तीन. पायथन आणि जावाने मोजली ती चिन्हं. युनिकोडमध्ये जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला एकेक क्रमांक दिलेला आहे, जसा घराला घरपट्टीच्या वहीत असतो. त्यात ‘ल्या’ हे एक घर नाही. ‘ल’ वेगळा, त्याचा पाय मोडणारं हलंत वेगळं, ‘य’ वेगळा, काना वेगळा. ‘हि’मधली वेलांटीसुद्धा स्वतंत्र बिऱ्हाड करून राहते. अशी सगळी बिऱ्हाडं मोजली की दहा होतात, आणि दहा त्रिक तीस. मामांनी मोजलं ते अक्षर, जे आपण तोंडाने एका दमात म्हणतो.

मामांसारखं मोजणाऱ्या भाषाही आहेत. ॲपलच्या स्विफ्ट भाषेला याच शब्दाची लांबी विचारली तर नव्या आवृत्त्या सहा सांगतात. जोडाक्षर हे एकच अक्षर धरावं, हा देवनागरीसाठीचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत आला, सप्टेंबर २०२३ मध्ये. त्याच वर्षी ३१ मे रोजी चौंडीला आमच्या जिल्ह्याच्या ‘अहिल्यानगर’ या नामांतराची घोषणा झाली होती. अहिल्यादेवींच्या जन्मगावी नाव जाहीर झालं आणि चार महिन्यांच्या आत त्यातल्या ‘ल्या’ला जगाच्या दप्तरी एकसंधपणा मिळाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, पण वर्गात सांगायला मला फार आवडतं.

नामांतराबद्दल ज्याचं त्याचं मत असेल. मला शिक्षिका म्हणून त्यातून एक उत्तम प्रात्यक्षिक मिळालं. ‘अहमदनगर’ या जुन्या नावात ना काना, ना वेलांटी, ना जोडाक्षर. अक्षरं सात, चिन्हंही सात, बाइट एकवीस. मामा आणि पायथन यांचं त्या नावावर पूर्ण एकमत झालं असतं. नवं नाव उच्चारायला एका अक्षराने लहान, साठवायला मात्र नऊ बाइटनी मोठं. समजा एखाद्या प्रोग्रामरने जिल्ह्याच्या नावासाठी चोवीस बाइटची जागा ठेवली होती. जुनं नाव ऐसपैस बसलं असतं. नव्याचं ‘अहिल्यान’ एवढंच उरलं असतं. ‘नाव तर लहान झालं, मग मावत का नाही?’ असं म्हणत तो प्रोग्रामर डोकं खाजवत बसला असता. मोबाइलच्या साध्या एसएमएसचंही तेच. एका संदेशात इंग्रजीची १६० अक्षरं मावतात, मराठीत हद्द ७० चिन्हांची, आणि त्यातली दहा एकट्या जिल्ह्याच्या नावातच जातात.

आता दुसरा प्रश्न घ्या, जो प्रॅक्टिकलच्या स्लिपवर हमखास येतो: दिलेला शब्द उलटसुलट सारखाच आहे का, ते तपासा. पोरं इंग्रजीतला ‘मॅडम’ टाकून दाखवतात, एक्स्टर्नल परीक्षक मान डोलावतात, जर्नलवर सही होते. मी एकदा म्हटलं, ‘डालडा’ टाका.

डालडा उलटा वाचला तरी डालडाच, हे पहिलीतलं पोरही सांगेल. पायथनने सांगितलं, नाही. कारण त्याने चिन्हं उलटी लावली आणि शेवटचा काना सगळ्यांत पुढे येऊन उभा राहिला, ज्याच्या खांद्यावर हात ठेवायचा तो ‘ड’ मागेच राहिला. ‘नवजीवन’चं तेच झालं, ‘ज’ची वेलांटी ‘व’ला जाऊन चिकटली. ‘कडक’ मात्र पायथनला मान्य झाला, कारण त्यात मात्राच नाहीत. सीची तर वेगळीच तऱ्हा. तिने बाइट उलटवले, तेव्हा ‘कडक’ही नापास. एवढंच काय, एकटा ‘क’ टाकला तरी तो उलटसुलट सारखा नाही, असं सीने ठासून सांगितलं, कारण त्या एका ‘क’च्या तीन बाइटांपैकी पहिला आणि शेवटचा वेगळे असतात. पोरं हसून हसून लोळली. ‘अहिल्यानगर’ उलटं केल्यावर पायथनने छापलं, ‘रगनाय्लिहअ’. एकाने ते मोठ्याने वाचायचा प्रयत्न केला आणि जीभ चावून घेतली.

हसणं संपल्यावर मी विचारलं, यातला कोणता प्रोग्राम चुकीचा? जर्नलमध्ये दोन्हींवर ‘व्हेरिफाइड’ असा शिक्का होता. दोन वर्षं तो शिक्का मीच मारत होते.

ही केवळ लॅबमधली करमणूक असती तर मी वर्तमानपत्राची जागा अडवली नसती. माझं माहेरचं आडनाव बोऱ्हाडे. काही वर्षांपूर्वी वडिलांच्या एका कागदासाठी एका कार्यालयात गेले. तिथल्या भल्या माणसाने संगणकावर आडनाव टाकलं. नोंद नाही. पुन्हा टाकलं. नोंद नाही. वडील ऐंशीचे, ते म्हणाले, “मी समोर बसलोय की, अजून कसली नोंद पाहिजे?” शेवटी गावाची अख्खी यादी उघडून, खाली खाली सरकवत, डोळ्यांनी शोधली. नाव होतं. अक्षरन् अक्षर तेच होतं.

घोळ ‘ऱ्ह’मध्ये होता. मराठीचा हा लाडका अर्धा ‘र’ कॉम्प्युटरवर एकाहून अधिक रीतींनी लिहिता येतो. युनिकोडमधला ‘ऱ’ वापरून लिहिता येतो; नाहीतर साधा ‘र’, हलंत आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह टाकूनही तो उमटतो. पडद्यावर, छापल्यावर, दोन्ही सारखेच. कॉम्प्युटरच्या लेखी मात्र बोऱ्हाडे दोन, आणि त्यांची सोयरीकही नाही. ‘ॲ’चंही असंच. २००८ मध्ये त्याला युनिकोडमध्ये स्वतःचं घर मिळालं, पण ‘अ’वर चंद्र काढून लिहिणारे अजून आहेत, त्यामुळे ‘ॲडव्होकेट’ शोधलं तर निम्मे वकील सापडत नाहीत.

‘दोन शब्द सारखे आहेत का, हे कसं तपासायचं?’ हा जगभर रोज विचारला जाणारा प्रश्न आहे. प्रत्येक भाषेचं उत्तर तयार आहे. पायथनमध्ये दोन बरोबरच्या खुणा, जावामध्ये खुणा नकोत, ‘इक्वल्स’ वापरा, सीमध्ये ‘स्ट्रकम्प’. पोरांना ही तिन्ही पाठ असतात, आणि तिन्ही माझ्या वडिलांच्या आडनावापुढे हात टेकतात. लेखनातले सर्वसाधारण भेद मिटवून मजकूर एकसारखा करायची सोय बऱ्याच भाषांत आहे, पण या दोन ‘र’ना किंवा दोन ‘ॲ’ना तीही एक मानत नाही. तो नियम कुणीतरी हाताने लिहावा लागतो. आणि तो लिहिणार कोण? ज्याला हे दोन्ही ‘र’ एकच आहेत हे ठाऊक आहे तो. म्हणजे आपलंच पोर.

माझं म्हणणं फक्त लिपीपुरतं नाही. आकड्यांतही तेच. रविवारला शून्य क्रमांक द्या, सोमवारला एक, असं करत शनिवारला सहा. आज रविवार, तर काल कोणता वार? शून्यातून एक वजा करा आणि सातने भागून बाकी घ्या. पायथन म्हणतो सहा, म्हणजे शनिवार. सी, जावा आणि जावास्क्रिप्ट म्हणतात, उणे एक. उणे एक क्रमांकाचा वार आपल्या पंचांगात नाही. ज्या जिल्ह्यात शनिशिंगणापूर आहे, तिथे शनिवार हरवलेला कसा चालेल? यातही चूक कुणाची नाही. बाकीचं चिन्ह भाजकाप्रमाणे ठेवायचं असं पायथनने ठरवलं, भाज्याप्रमाणे ठेवायचं असं इतरांनी. गणितात दोन्ही बसतं. ते ठाऊक असलेला बाकीत सात मिळवून पुन्हा एकदा बाकी घेतो आणि शनिवार परत आणतो. ठाऊक नसलेला ‘माझ्या मशीनवर तर चाललं होतं’ म्हणतो.

आणि कधीकधी सगळ्या भाषांचं उत्तर एकच येतं, पण तेच आपल्याला खोटं वाटतं. पायथनला, जावाला, जावास्क्रिप्टला विचारा, ०.१ अधिक ०.२ किती? दशांशचिन्हानंतर ३, मग १५ शून्यं आणि शेवटी एक ४. कारण कॉम्प्युटर अपूर्णांक निम्म्या-निम्म्याने मोजतो: अर्धा, पाव, अर्धपाव, आणा. एक दशांश या हिशेबात कधीच पुरा होत नाही, जसा एकाला तीनने भागल्यावर आपला ०.३३३ संपत नाही. इथे मला माझे आजोबा आठवतात. त्यांना पावकी, निमकी, दीडकी पाठ. त्यांच्या रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे, म्हणजे निम्म्याचं निम्मं करत गेलं की पोचता येईल असे भाग. त्यांचा आणा कॉम्प्युटरला तंतोतंत समजतो. १ एप्रिल १९५७ला आलेला नवा पैसा, रुपयाचा शंभरावा भाग, नाही समजत. म्हणून पैशाचा हिशेब लिहिताना रुपये दशांशात ठेवू नयेत, सगळं पैशांत पूर्णांकात मोजावं, हे मी दीडकीच्या आधाराने शिकवते. ते मुलं विसरत नाहीत.

यावर मला जे आक्षेप ऐकावे लागतात, ते खोटे नाहीत. सहकारी म्हणतात, “मॅडम, पोरांना पुण्याला हिंजवडीत नोकरी करायचीय. तिथे मुलाखत इंग्रजीत होते. डालडा कोण विचारतंय?” खरं आहे. म्हणून प्रोग्राम मराठीत लिहा असं मी म्हणत नाही. भाषेचे शब्द इंग्रजीच राहू देत, मुलाखतीची तयारीही होऊ दे. मी बदलायला सांगते आहे ते फक्त आत टाकायचं उदाहरण. आणि मुलाखत घेणाऱ्याने लांबी विचारली आणि मुलीने शांतपणे ‘बाइट, चिन्हं की अक्षरं?’ असं विचारलं, तर ती मागे पडेल असं मला तरी वाटत नाही. जपानी, अरबी, तमिळ, सगळ्यांना हाच प्रश्न छळतो. मराठी पोराला तो घरबसल्या, फुकट कळतो.

दुसरा आक्षेप नवा आहे. “आता हे सगळं एआय सांगतं, मग शिकवायचं कशाला?” मीही वापरते. ‘शब्दाची लांबी कशी मोजायची?’ विचारलं की क्षणात कोणत्याही भाषेतलं नीटनेटकं उत्तर येतं. माझ्या वेळी उत्तरासाठी जाडजूड पुस्तक चाळावं लागायचं, कधी पुण्याला गेल्यावर अप्पा बळवंत चौकातून ते आणावं लागायचं. उत्तर महाग होतं, म्हणून पाठ करण्याला किंमत होती. आता उत्तर फुकट झालं आहे, आणि आपण अजून तेच पाठ करून घेतो. ज्याने ‘कशात?’ हे सांगितलंच नाही, त्याला यंत्र त्याच्या अंदाजाने एक माप धरून देणार. आणि ते माप बहुतेक वेळा इंग्रजी शब्द डोळ्यांपुढे ठेवून धरलेलं असणार. माझ्या वडिलांचं आडनाव त्यातून निसटणारच.

म्हणून मागणी अगदी लहान आहे. खर्चाची नाही, नव्या यंत्रांची नाही, समितीचीही नाही. शब्दांवरच्या प्रत्येक प्रॅक्टिकलमध्ये एक उदाहरण देवनागरीत टाकायला लावा: जोडाक्षर असलेलं, मात्रा असलेलं, शक्य तर स्वतःच्या गावाचं नाव. प्रोग्राम नापास झाला तर गुण कापू नका. का नापास झाला, हे सांगितलं तर पूर्ण गुण द्या. तोंडी परीक्षेत मुलाला मराठीत उत्तर देऊ द्या, कारण रट्टा मारलेलं इंग्रजी वाक्य समजून मारलंय की न समजता, हे एक्स्टर्नललाही कळत नाही आणि मुलालाही. आणि एक गुण, फक्त एक, असा ठेवा की जो उलट प्रश्न विचारल्याबद्दल मिळेल.

अधिकृत गुणपत्रिकेत असा रकाना नाही. पण अंतर्गत परीक्षेच्या स्लिपा मीच काढते. यंदाच्या एका स्लिपवर लिहिलं: ‘पुढील शब्दाची लांबी मोजणारा प्रोग्राम लिहा: शेतकऱ्यांच्या.’ एवढंच. भाषा सांगितली नाही, माप सांगितलं नाही. पहिल्या दहा जणांनी स्लिप घेतली आणि सरळ कीबोर्डकडे वळले. एकाचं ३९ आलं, दुसऱ्याचं १३. दोघे एकमेकांच्या यंत्रात डोकावून आपलं पुसायला लागले.

अकरावी आली ती कोपरगावकडून रोज एसटीने येणारी, वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलगी. स्लिप हातात धरून टेबलाशी उभीच राहिली. मला वाटलं, प्रश्न बदलून मागणार. दारात मामा हजेरीचा कागद घेऊन उभे होते. तिने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि मला विचारलं, “मॅडम, सीसारखं मोजू, पायथनसारखं मोजू, की मामांसारखं?”

तिला यंत्राला हात लावायच्या आधीच मी एक गुण देऊन टाकला. मामांनी मात्र कागद काखेत धरला, अंगठा पेरांवरून फिरवला आणि हळूच म्हणाले, “पाच.”